सरकी, जवस आणि इंग्लंडचे गोमांस

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्लंडचे गोमांस जगात उत्तम गणले गेले, आणि त्याची कीर्ती सांगताना शॉर्टहॉर्न, हेरफर्ड, ॲबरडीन-अँगस या गुरांच्या जातींचे व त्या घडवणाऱ्या पैदासकारांचे नाव आधी घेतले जाते. पैदाशीचा वाटा मोठा होताच. परंतु ज्या मांसाचा एवढा लौकिक झाला त्याचा मऊपणा, चरबीचा रंग, तिचा घट्टपणा आणि चव हे सारे जनावराच्या वंशाइतकेच त्याच्या गव्हाणीत काय पडत होते यावर अवलंबून होते, आणि गव्हाणीत काय पडावे हे बहुतेक वेळा मांसाचा विचार करून ठरलेले नव्हते. शेताला खत किती लागते, तेलाच्या गिरणीत काय उरते, कोणते बी स्वस्त मिळते, यांवर ते ठरत आले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नागपूर, वऱ्हाड व खानदेशातून मुंबई बंदरात काय येऊन पडते यावरही ते काही अंशी ठरू लागले. इंग्रजी शेतीच्या इतिहासात हा शेवटचा दुवा एखाद्या ओळीत उरकला जातो आणि मराठी मुलखाच्या शेतीच्या इतिहासात तो बहुधा येतच नाही.

सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील गोमांस हे ऋतूवर चालणारे मांस होते. त्या उत्तरेकडच्या देशात गवत वसंतात वाढीला लागते आणि ऑक्टोबरच्या सुमारास थांबते. पुढचे पाच-सहा महिने जनावराला वाळलेले गवत आणि गहू-जवाचे काड यांवर जगवावे लागे, आणि अशा वैरणीवर अंगावर असलेले मांसही टिकत नाही. म्हणून कुरणावर पोसून तयार झालेली जनावरे हिवाळा तोंडावर आला की, ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या आगेमागे, कापली जात आणि मांस मिठात मुरवून पिंपांत भरले जाई. ही जनावरे वयस्क असत, कारण बैल आधी काही वर्षे औत ओढी आणि मगच खाटकाकडे जाई. त्यामुळे मांस गडद आणि चिवट असे. गवतावर पोसलेल्या जनावराची चरबी पिवळसर असे, कारण हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन नावाचे जे पिवळे-केशरी रंगद्रव्य असते ते गाईबैलांच्या शरीरात पुरते मोडले जात नाही आणि चरबीत साठत राहते. म्हशीच्या शरीरात ते जवळजवळ सगळे मोडले जाते, आणि गाईचे तूप पिवळे तर म्हशीचे पांढरे दिसते त्याचे कारण हेच आहे.

ही ऋतूची अट पहिल्यांदा मोडली ती सलगमाने. सतराव्या शतकाच्या मध्यापासून नॉरफोक आणि सफोक या पूर्वेकडच्या परगण्यांत सलगम शेतातले पीक म्हणून लावला जाऊ लागला होता. १७३० मध्ये राजकारणातून निवृत्त होऊन रेनम येथे शेतीकडे वळलेल्या लॉर्ड टाउनशेंड यांना या पिकाचे सारे श्रेय पुढच्या पिढ्यांनी दिले, ते अतिशयोक्त असले तरी त्यांच्या उदाहरणाने पीक पसरले हे खरे. गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर नावाचे द्विदल गवत अशी चार वर्षांची फेरपालट तेथे रूढ झाली. तिच्यामुळे पडीक ठेवायची जमीन हिवाळ्याचे खाद्य देऊ लागली, आणि थंडीतही जनावर जगवता येते एवढेच नव्हे, तर पोसता येते हे सिद्ध झाले. डॅनियल डिफो यांनी १७२० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात नॉरफोकमध्ये दरवर्षी चाळीस हजारांहून अधिक स्कॉटिश गुरे पोसली जातात असे नोंदले आहे. ही गुरे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून, खुरांना पत्र्याचे नाल ठोकून, शेकडो मैल चालवत आणली जात. नॉरिचजवळच्या सेंट फेथच्या ऑक्टोबरमधल्या बाजारात ती विकली जात, आणि हडकुळ्या अंगाने आलेली ही काळी जनावरे दलदलीच्या कुरणांवर आणि पुढे सलगमावर भरून लंडनच्या स्मिथफिल्ड बाजाराकडे निघत. लंडनकराला जानेवारी-फेब्रुवारीत ताजे गोमांस मिळू लागले ते यामुळे.

सलगमाचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. पांढऱ्या सलगमाच्या कंदात आणि काडात कॅरोटीन जवळजवळ नसते, म्हणून त्यांवर हिवाळा काढलेल्या जनावराची चरबी पांढरी होत जाते. लंडनच्या गिऱ्हाईकाला पिवळी चरबी म्हणजे म्हातारी गाय किंवा निव्वळ गवतावरचे जनावर अशी खूणगाठ बसली, आणि दुधासारखी पांढरी, हाताला टणक लागणारी चरबी ही उत्तम मांसाची खूण ठरली. त्या पांढऱ्या रंगाचा चवीशी फारसा संबंध नव्हता. जनावर अलीकडे काय खात होते एवढेच तो सांगत होता. दर्जाची एक पक्की समजूत अशी एका कंदाच्या रंगातून जन्माला आली आणि पुढची दोनशे वर्षे टिकली.

परंतु सलगमात नऊ-दशांश पाणीच असते. त्यावर जनावर भरते, पण शेवटचा घाट येत नाही; तो आणण्यासाठी काही कसदार खाद्य लागते, आणि येथे पेंड आली. इंग्लंडमध्ये तेलबियांची पेंड आधी थेट शेतात टाकली जात होती. होल्कमच्या थॉमस कोक यांच्या जमिनींवर मोहरीच्या जातीच्या रेप या बियांची पेंड कुटून सलगमाच्या बियाबरोबर तिफणीने पेरली जाई. जवसाची पेंड मात्र जनावरे आवडीने खात, आणि ती खाऊन पडलेले शेणही तितकेच कसदार असते हे शेतकऱ्याच्या ध्यानात आले, तेव्हा पेंड जनावराच्या पोटातून शेतात नेण्याची रीत सुरू झाली. तिच्याविषयी तक्रारही होती. पेंडीवरच्या मांसाला तेलकट वास येतो आणि त्याची चरबी सैल असते असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि १७९८ मध्ये बेडफर्डच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या स्मिथफिल्ड क्लबने आपल्या प्रदर्शनात गवत-सलगमावर पोसलेली जनावरे आणि धान्य-पेंडीवर पोसलेली जनावरे यांना वेगवेगळी बक्षिसे ठेवली, यातच खाद्य आणि मांस यांच्या नात्याची जाणीव दिसते. जनावराबरोबर त्याच्या खाण्याचा तपशील मागण्याची ही शिस्त पुढच्या सगळ्या पशुपोषणशास्त्राची सुरुवात मानायला हरकत नाही.

पेंड गोठ्यात कशी येई हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. हल या ईशान्येकडच्या बंदरात तेलाच्या गिरण्यांची मोठी रांग होती. तेथे बी लाटांखाली चिरडून, वाफेने शेकवून, लोकरीच्या जाड फडक्यात गुंडाळून दाबाखाली ठेवले जाई. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी पेटंट घेतलेला पाण्याच्या दाबाचा दाबयंत्र-प्रकार एकोणिसाव्या शतकात या गिरण्यांत पसरला आणि जुन्या ठोक्याच्या घाण्यांची जागा त्याने घेतली. तेल निथळल्यावर फडक्यातून निघे ती लांबट, फरशीसारखी कठीण वडी, जिच्यावर फडक्याच्या विणीचा ठसा आणि पुढे गिरणीचा शिक्का उमटलेला असे. हातोड्याशिवाय न फुटणारी ही वडी फोडण्यासाठी प्रत्येक मोठ्या मळ्यावर एक ओतीव लोखंडी यंत्र असे: वरच्या अरुंद तोंडातून वडी उभी सोडायची, बाजूचे चाक हाताने फिरवायचे, आणि दातेरी रुळांतून फुटून निघालेले सुपारीएवढे तुकडे खालच्या टोपलीत घ्यायचे, मेंढरांसाठी रूळ जवळ आणून तुकडे बारीक करायचे. दाबयंत्र जुने असले की पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल राहून जाई, आणि गिरणीवाल्याचा हा तोटा शेतकऱ्याच्या जनावराला लाभत असे.

नॉरफोकच्या ट्रिमिंगम गावचे जॉन वॉर्न्स यांना ही विकतची पेंडही खटकत होती. १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी शेतकऱ्याने स्वतः जवस पेरावा, त्याच्या काडाचा धागा विकावा आणि बी जनावराला घालावे असे आग्रहाने मांडले. बी दळून उकळत्या पाण्यात शिजवले की त्यातील चिकट द्रव्य सुटून दाट खळ तयार होते. त्यात भरडलेले जव किंवा वाटाणे कालवून, थंड होऊन थिजल्यावर ते जनावरापुढे ठेवायचे, आणि जनावर दावणीला न बांधता एकेकट्याच्या बंदिस्त खणात मोकळे सोडायचे, म्हणजे त्याच्या पायाखाली काड आणि शेण तुडवले जाऊन उत्तम खत साचते. आंबोणाची ही पद्धत बारीक मेहनतीची असल्याने सर्वदूर गेली नाही, परंतु जवसावरच्या जनावराची कातडी सैल आणि केस तुळतुळीत राहतात, कोठा साफ राहतो आणि अंगाला हात लावताच चरबी मऊ पण भरीव लागते, हा अनुभव तिच्यामुळे पक्का झाला.

असे हात लावून पाहणे हे खाटकाच्या धंद्याचे मुख्य ज्ञान होते. जिवंत जनावर विकत घेताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगडीवर, कुशीच्या घडीत आणि मागच्या पायांमध्ये बोटे दाबून तो चरबीची जाडी अजमावी, आणि बोट उचलल्यावर खळगा किती वेगाने भरून येतो यावरून ती घट्ट आहे की पाणचट हे ठरवी. शरीरात चरबी साठण्याला क्रम आहे, असे पुढे विसाव्या शतकात केंब्रिजच्या जॉन हॅमंड यांनी दाखवून दिले: आधी आतड्याभोवती आणि मूत्रपिंडांभोवती, नंतर स्नायूंच्या मध्ये आणि कातडीखाली, आणि सर्वांत शेवटी स्नायूच्या आत, बारीक पांढऱ्या धाग्यांच्या रूपाने. शिजवताना मांस रसाळ राहते ते या शेवटच्या चरबीमुळे, आणि ती येण्यासाठी जनावराला त्याच्या गरजेहून पुष्कळ जास्त ऊर्जा सलग काही महिने मिळावी लागते. खाटकाचे बोट कातडीखालची चरबी मोजत असले तरी त्यावरून तो आतल्या धाग्यांचाच अंदाज घेत होता.

१८४६ मध्ये धान्याच्या आयातीवरचे संरक्षक कायदे रद्द झाले आणि इंग्रज शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला. जेम्स केअर्ड यांनी १८४९ च्या आपल्या पुस्तिकेत त्यावर उत्तर दिले ते भांडवली, भरघोस खताच्या शेतीचे: पेंड विकत घ्या, जनावरे भरा, शेण वाढवा, एकरी गहू वाढवा. या हिशेबात जनावर हे खताचे यंत्र होते. पेंडीवर पोसलेला बैल विकून पेंडीचे पैसेही सुटत नाहीत, अशी तक्रार शेतकरी उघड करीत आणि तरीही पेंड घेत, कारण तूट गव्हाच्या पिकात भरून निघे. इंग्लंडच्या गोमांसाचा दर्जा ज्या काळात सर्वांत उंचावला त्या काळात त्यामागचा खर्च अशा रीतीने गहू सोशीत होता, ही गोष्ट त्या मांसाचे गोडवे गाणाऱ्यांनी क्वचितच सांगितली आहे.

या व्यवहाराला शास्त्राचा आधार दिला तो रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकत्र काम करणाऱ्या जॉन बेनेट लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी. तेव्हा खाद्याचे मोल त्यातील नत्रावर, म्हणजे प्रथिनांत असणाऱ्या नायट्रोजनवर, ठरवण्याचा प्रघात होता; फ्रान्सच्या बुसिंगो यांची कोष्टके त्याच पायावर रचलेली होती. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी बैल, मेंढरे आणि डुकरे मिळून दहा जनावरे कापून त्यांच्या शरीराचा कण न् कण तपासला आणि १८५९ मध्ये निष्कर्ष मांडले. अर्धवट भरलेल्या बैलाच्या शरीरात सुमारे १९ टक्के चरबी आणि ५१ टक्के पाणी, तर पूर्ण भरलेल्या बैलात सुमारे ३० टक्के चरबी आणि ४५ टक्के पाणी निघाले. प्रथिनांचा वाटा उलट थोडा घटला होता. भरणे म्हणजे पाण्याच्या जागी चरबी येणे, आणि ही चरबी मुख्यतः पिष्टमय पदार्थांपासून बनते, असे त्यातून स्पष्ट झाले. मग पेंडीतल्या एवढ्या नत्राचे काय होते? त्याचे दहातले नऊहून अधिक हिस्से शेणामुतातून परत बाहेर पडतात, हे उत्तरही त्यांनीच दिले. लॉझ यांनी पुढे प्रत्येक खाद्याच्या टनामागे किती पौंडांचे खत उरते याची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि त्यांत टरफल काढलेल्या सरकीच्या पेंडीला वरचे स्थान मिळाले. १८७५ च्या आणि विशेषतः १८८३ च्या कायद्याने शेत सोडून जाणाऱ्या कुळाला त्याने घातलेल्या पेंडीच्या शिल्लक खतमूल्याची भरपाई मागता येऊ लागली, तेव्हा ही कोष्टके वकील आणि पंच यांच्या हाती गेली. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने १८७६ मध्ये वोबर्न येथे त्यांची शेतात पडताळणी सुरू केली, तर सरकीची पेंड खाल्लेल्या आणि मक्याचे पीठ खाल्लेल्या जनावरांच्या खतांत कोष्टकांनी सांगितलेला मोठा फरक पिकांत दिसेना; उकिरड्यावर पडून असतानाच बरेचसे नत्र हवेत उडून जाते, हे त्यातून उलगडत गेले.

सगळ्या पेंडी सारख्या नव्हत्या, आणि मांसावरचा त्यांचा परिणामही सारखा नव्हता. जवसाची पेंड कोठा सैल ठेवी आणि सरकीची तो आवळी, म्हणून वसंतातल्या कोवळ्या गवतावर जनावरे ढाळू लागली की शेतकरी त्यांना सरकीची पेंड घाली. जवसाच्या पेंडीवर चरबी काहीशी मऊ होई आणि सरकीच्या पेंडीवर ती कडक होई. लोण्याच्या बाबतीत तर हा फरक गृहिणीच्या हातालाही कळे. जवसाचे तेल स्वतः इतके पातळ आणि लवकर वाळणारे असताना बैलाची चरबी तेलकट का होत नाही, याचा उलगडा १९५० च्या दशकात झाला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात, आणि ते खाद्यातील असंपृक्त मेदाम्लांना, म्हणजे तेलाला पातळपणा देणाऱ्या घटकांना, हायड्रोजन जोडून घट्ट बनवतात. थोडाच अंश त्यांच्या तावडीतून सुटून चरबीत जसाच्या तसा उतरतो. डुकराला ही सोय नाही, म्हणून डुक्कर जसे तेल खाते तशीच त्याची चरबी होते. सरकीत याशिवाय काही विशिष्ट मेदाम्ले असतात, जी घट्ट चरबी पातळ करणाऱ्या शरीरातल्या विकराला अडवतात, आणि कडक चरबीचे कारण तेथे सापडते. ज्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते त्या गुराख्यांनी दोन्ही पेंडी मिसळून घालण्याचा मार्ग शंभर वर्षे आधी काढला होता.

या कलेचा कळस ॲबरडीनशायरमध्ये झाला. टिलीफोर येथील विल्यम मकॉम्बी (१८०५–१८८०) यांनी ॲबरडीन-अँगस जातीला नाव मिळवून दिले आणि त्यांच्या ब्लॅक प्रिन्स या बैलाने १८६७ मध्ये स्मिथफिल्डचे प्रदर्शन जिंकले. त्यांचा भर पेंडीच्या ढिगांवर नव्हता. वासराच्या अंगावरचे पहिले मांस कधीही झडू देऊ नये, गवत आणि सलगम यांवर वाढ अखंड ठेवावी आणि पेंड अखेरच्या टप्प्यात बेताने घालावी, असे ते सांगत. एकदा उपाशी राहून झडलेले आणि पुन्हा भरलेले जनावर वजनाने तेवढेच दिसले तरी मांसाने बरोबरीचे होत नाही, हे त्यांचे निरीक्षण होते. १८५० मध्ये ॲबरडीनहून लंडनपर्यंत रेल्वे जोडली गेली आणि वाटेत चालून मांस झडण्याचा प्रश्नही संपला. लंडनच्या बाजारात स्कॉटिश मांसाला सर्वांत चढा भाव मिळत राहिला.

हलच्या गिरण्यांना जवस येत होता तो मुख्यतः रशियातून. १८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले आणि त्या पुरवठ्याला खीळ बसली. भारतातून १८३० च्या दशकात नाममात्र सुरू झालेली जवसाची निर्यात याच सुमारास झपाट्याने वाढली. गंगेच्या खोऱ्यातला जवस बारीक दाण्याचा, तर दख्खन आणि मध्य प्रांतातल्या काळ्या जमिनीतला ठसठशीत दाण्याचा आणि जास्त तेलाचा, म्हणून ‘बॉम्बे’ जवसाला लंडन आणि हलच्या बाजारात वेगळा भाव असे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत पावसाळा सरता सरता, कधी हरभऱ्याच्या तर कधी गव्हाच्या सोबतीने पेरलेले हे निळ्या फुलांचे रब्बी पीक पूर्वी गावच्या तेल्याच्या घाण्यावर जाई. तेल दिव्याला आणि खाण्याला, पेंड बैलाला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि पोती गाडीत भरून थेट मुंबईच्या गोदीकडे जाऊ लागली.

सरकीची कथा थोडी निराळी आहे. कापूस घरोघर हातरेच्यावर सरकी काढून विकला जाई तेव्हा सरकी शेतकऱ्याच्या घरीच राहत असे आणि भिजवून दुभत्या म्हशीला व औताच्या बैलाला घातली जाई. वऱ्हाडातल्या बैलाची ताकद सरकीत असते अशी समजूत होती आणि ती निराधार नव्हती. खामगाव, अकोला, अमरावती येथे वाफेच्या जिनिंग फॅक्टऱ्या निघाल्या, कापूस सरकीसकट तेथे जाऊ लागला, आणि सरकीचा ढीग शेतकऱ्याच्या ओसरीऐवजी कारखान्याच्या आवारात पडू लागला. एकदा एका जागी जमली की ती विकणे सोपे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून सरकीची निर्यात अचानक फुगली आणि जवळजवळ सगळी ब्रिटनकडे, त्यातही हलकडे जाऊ लागली. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पाच वर्षांत भारतातून दरवर्षी सरासरी पावणेचार लाख टनांच्या घरात जवस आणि दोन लाखांहून अधिक टन सरकी परदेशी जात होती. मुंबईच्या सरकीला तूस फार चिकटलेले असे आणि तिची पेंड टरफलासकट दाबलेली असल्याने तीत प्रथिने कमी आणि चोथा जास्त असे. इंग्लंडमध्ये ती स्वस्त म्हणून कुरणावरच्या धट्ट्याकट्ट्या जनावरांना दिली जाई, वासरांना ती देऊ नये असे बजावले जाई, आणि प्रदर्शनाचे किंवा नाताळच्या बाजाराचे जनावर जवसावरच तयार केले जाई.

ऑगस्टस फोलकर आणि त्यांचे पुत्र जॉन ऑगस्टस या दोन रसायनशास्त्रज्ञांच्या कामात या व्यापाराची दोन्ही टोके एकत्र येतात. पिता १८५७ पासून रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनज्ञ होते आणि पेंडीतील भेसळ पकडण्यात त्यांची हयात गेली. जवसाच्या नावाखाली मोहरी, वाळू, भुसा आणि कधी एरंडीसुद्धा निघे, आणि एरंडीच्या विषाने जनावरे मरत. पुत्र त्याच पदावर असताना भारत सरकारच्या बोलावण्यावरून १८८९ च्या अखेरीस येथे आले, वर्षभर देशभर हिंडले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी अडाणी नाही हे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले, आणि तेलबियांच्या निर्यातीबरोबर जमिनीचा कस बाहेर जातो, पेंड येथेच राहिली असती तर ती जनावराला आणि शेताला मिळाली असती, याकडेही लक्ष वेधले. जो माणूस इंग्लंडमध्ये पेंडीच्या टनाचे खतमूल्य शिलिंगांत मांडत होता, त्याला विदर्भातून जाणाऱ्या पोत्यात काय जाते हे दुसऱ्या कोणाहूनही अचूक दिसले असणार. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने बंद केल्यामुळे गुरांची झालेली उपासमार मांडली होती. एकीकडे रान बंद आणि दुसरीकडे सरकी व पेंड गावाबाहेर, अशा दुहेरी कात्रीत दख्खन-वऱ्हाडचा बैल सापडला, आणि १८९९–१९०० च्या दुष्काळात तो हजारोंनी मेला. निर्यात झाली नसती तर ही गुरे वाचली असती असे म्हणणे पुराव्याबाहेर जाईल. पण संकटाला तोंड देण्याचा साठा गावात उरला नव्हता हे नाकारता येत नाही.

इंग्लंडमध्ये त्याच वेळी हिशेब बदलला होता. १८७० च्या दशकापासून धान्याचे भाव कोसळत गेले, १८९४ मध्ये तर गहू इतका स्वस्त झाला की काही शेतकऱ्यांनी तो जनावरांनाच घातला, आणि गव्हासाठी खत हे पेंडीचे जुने समर्थन लंगडे पडले. मक्यावर पोसलेली अमेरिकी जनावरे बोटीतून जिवंत उतरत होती, थंड केलेले अमेरिकी आणि नंतर अर्जेंटिनाचे मांस बाजारात भरत होते, आणि देशी मांसाला टिकायचे तर दर्जावरच टिकावे लागणार होते. मांसासाठी म्हणून खाद्याची मांडणी करण्याचा विचार खऱ्या अर्थाने येथे सुरू झाला. जर्मनीतील मॉकर्न येथे ओस्कार केलनर यांनी प्रौढ बैलांना ठरावीक खाद्य देऊन, त्यांचा श्वाससुद्धा मोजून, एक किलो पचनीय पिष्टापासून २४८ ग्रॅम चरबी बनते असे ठरवले आणि प्रत्येक खाद्याचे मोल पिष्टाच्या मापात बसवले. ब्रिटनमध्ये ते माप पुढचे अर्धे शतक चालले. खूप जाड चरबीची जनावरेही मागे पडली, कारण शहरातल्या लहान कुटुंबाला लहान, कोवळा आणि कमी वाया जाणारा तुकडा हवा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर सलगम आणि पेंड यांची ही सारी रचना विरत गेली. युद्धात नांगरलेल्या कुरणांवर जवाचे पीक वाढले आणि दूधधंद्यातून नको असलेले नर वासरू भरपूर मिळू लागले, तेव्हा ॲबरडीनजवळच्याच रोवेट संशोधन संस्थेत टी. आर. प्रेस्टन यांनी १९६० च्या सुमारास त्यांना जवळजवळ निव्वळ जवावर ठेवून वर्षभरात बाजारात नेण्याची पद्धत बसवली. मांस कोवळे आणि चरबी पांढरी आली, परंतु चव फिकी राहिली, आणि पिष्टाच्या भडिमाराने कोठीपोटात आम्ल वाढून यकृतात गळवे धरू लागली. पाठोपाठ प्रथिनांसाठी आणखी एका धंद्याचा उरलेला माल खाद्यात जास्त प्रमाणात आला: कत्तलखान्यातील हाडामांसाचा भुगा. तो आयात केलेल्या सोयापेंडीहून स्वस्त पडे आणि मुख्यतः दुभत्या गाईंच्या खुराकात घातला जाई. नोव्हेंबर १९८६ मध्ये गुरांच्या मेंदूची चाळण करणारा बीएसई हा रोग ओळखला गेला, जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना रवंथ करणाऱ्यांचेच अवशेष चारण्यावर बंदी आली, आणि २० मार्च १९९६ रोजी हा रोग माणसात उतरल्याची शक्यता सरकारने संसदेत मान्य केली. काही दिवसांत युरोपने ब्रिटिश गोमांसाची आयात थांबवली. रोगाची बहुतेक प्रकरणे दुभत्या कळपांतली होती; पण बंदी साऱ्या देशाच्या मांसावर पडली, आणि ॲबरडीनशायरच्या ज्या मांसल जातींच्या कळपांना असा भुगा क्वचितच मिळाला होता त्यांचे मांसही वर्षानुवर्षे परदेशी बाजारात जाऊ शकले नाही.